दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन दुबईला: आधी फराळाचा डबा तपासा

तुम्ही विचारलंय की दिवाळी झाल्यावर सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन पाच दिवस दुबईला जायचंय, टूर कंपनी नकोय, तर काय काय माहीत असावं. मी बरीच वर्षं बर दुबईत, म्हणजे दुबईच्या जुन्या भागात, राहते आणि घरी देशातून पाहुण्यांचा राबता असतो. त्या अनुभवावरून सांगते. शहर फिरायला सोपं आहे, रात्री उशिरापर्यंत सुरक्षित आहे, हिंदीवर सगळं निभावतं. मोठी अडचण उभी राहते ती बहुधा घरूनच बॅगेत भरून आणलेल्या एखाद्या वस्तूमुळे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

खसखस अजिबात आणू नका. अफूच्या बोंडातलं बी असल्यामुळे संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत धरतात, आणि ‘थोडीशीच आहे, घरच्यासाठी आहे’ हे कारण चालत नाही. तुम्ही दिवाळीनंतर येताय म्हणून हे जास्त कळकळीने सांगते आहे. अनारसे खसखशीवरच थापलेले असतात. करंजीच्या सारणात, डिंकाच्या लाडवांत, मालवणी मसाल्यात आणि कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यातही ती असते. आईंना ‘खसखस घेतलीय का?’ असं विचारलंत तर त्या नाही म्हणतील, कारण सुटी खसखस त्यांनी घेतलेलीच नसेल. एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारा. चकली, शंकरपाळी, बेसनाचे लाडू खुशाल आणा. विकतच्या पाकिटावरचे घटक वाचून घ्या. विड्याची पानं आणि गुटखाही इथे चालत नाही, तेव्हा बाबांना पानाची सवय असेल तर आधीच बोलून ठेवा.

दुसरी तपासणी औषधांची. वयस्कर माणसांच्या नेहमीच्या गोळ्यांतली काही औषधं इथे नियंत्रित यादीत आहेत. मधुमेहामुळे पायांची आग होते म्हणून डॉक्टर हमखास देतात ते प्रीगाबालिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध ही त्यातली काही. यांपैकी काही घेत असतील तर इथल्या सरकारी संकेतस्थळावरून निघण्याआधी परवानगी काढा. बाकीच्या गोळ्याही मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत मोकळ्या काढून आणू नका. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ रासायनिक नावासह, इंग्रजीत आणि टाइप केलेली असावी. आणि प्रवास विमा घ्याच. इथे उपचार उत्तम मिळतात, पण महाग आहेत.

पासपोर्ट उघडून दोन गोष्टी पाहा. मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, आणि नाव व आडनाव असे दोन्ही रकाने भरलेले हवेत. एकच शब्द असलेल्या पासपोर्टवर २०२२ पासून पर्यटक म्हणून प्रवेश मिळत नाही. जुन्या पिढीतल्या बायकांच्या पासपोर्टवर कधी कधी असं एकेरी नाव असतं. व्हिसा मागताना परतीचं तिकीट आणि हॉटेलचं आरक्षणही मागू शकतात.

आता राहायचं कुठे. नकाशावर दुबई एवढीशी दिसते, पण ती किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरली आहे. बर दुबईपासून मरीना, म्हणजे समुद्राकाठची नवी वस्ती, पंचवीस-तीस किलोमीटर पडते. फोटोंना भुलून बरेच जण मरीनात खोली घेतात. तुमच्यासारख्यांना मी बर दुबई किंवा शेजारचा करामा सांगेन, तेही बुर्जुमान स्टेशनच्या जवळ. तिथे मेट्रोच्या लाल आणि हिरव्या मार्गिका एकमेकींना मिळतात. शाकाहारी थाळी, इडली, चहा चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो, आणि पाच दिवसांच्या सहलीत म्हाताऱ्या माणसांचं पोट बरं राहणं ही फार मोठी गोष्ट असते. हॉटेलही स्वस्त पडतं.

मेट्रोसाठी प्रत्येकाचं वेगळं नोल कार्ड, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, लागतं, एका कार्डावर तिघं जाता येत नाही. आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्ही वेळा ते टेकवायचं. डब्यात खाणं-पिणं, अगदी च्युइंगगमसुद्धा, मना आहे. १०० दिरहम (इथलं चलन) दंड होतो. गाडीच्या टोकाचा गुलाबी खुणेचा भाग बायका-मुलांसाठी राखीव असतो. आई तिथे बसल्या तरी तुम्ही आणि बाबा त्या रेषेपलीकडेच थांबा, नाहीतर पुरुषांना दंड आहे. विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो स्टेशन आहे, २ ला नाही, म्हणून तुमचं विमान कुठे उतरतं ते तिकिटावर पाहून ठेवा. ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’ स्टेशनवर उतरलात की मॉलपर्यंत बंद वातानुकूलित पूल आहे, पण तो जवळजवळ एक किलोमीटर लांब आहे. मध्ये सरकते पट्टे आहेत, तरी गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सीने मॉलच्या दारात उतरा. टॅक्सी मीटरवरच चालतात, घासाघीस नाही. रस्ता फक्त पट्ट्यांवरून किंवा पुलावरून ओलांडा. मधूनच धावलात तर ४०० दिरहमचा दंड बसू शकतो.

एक दिवस, आणि मी तर म्हणेन पहिलाच दिवस, खाडीला द्या. उंच इमारती तुम्हाला सगळे दाखवतील. पण ही दुबई आधी काय होती ते खाडीकाठीच कळतं. सकाळी अल फहिदी वस्तीत जा. मातीच्या रंगाची जुनी घरं, अरुंद बोळ आणि छतावर ते चौकोनी वाऱ्याचे मनोरे. वारा कुठल्याही दिशेने आला तरी तो मनोरा त्याला पकडून खालच्या खोलीत सोडतो. विजेच्या आधी या उन्हात माणसं अशी राहिली. तिथून चालत कापड बाजारातून धक्क्यावर या आणि एक दिरहम देऊन अब्रात, म्हणजे इथल्या उघड्या लाकडी होडीत बसा. पाच-सात मिनिटांत पलीकडे देरा. काठाला अजूनही लाकडी गलबतं लागलेली दिसतात, इराण-सोमालियाकडे जाणारा माल लादत असतात. आपल्या कोकण-गुजरातच्या किनाऱ्याशी या खाडीचा व्यापार फार जुना आहे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास रुपये काढले होते आणि १९६६ पर्यंत ते इथे चालत होते. बाबांना हे सांगा, त्यांच्या शाळकरी वयातली गोष्ट आहे, त्यांना नक्की रस वाटेल. अब्रात चढता-उतरताना होडी हलते, तेवढा आईंना हात द्या.

बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, खालून बघतानाही छाती दडपते. वर जायचं असेल तर आधी ऑनलाइन तिकीट काढा. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट सगळ्यात महाग आणि गर्दीही तेव्हाच. माझं मत विचाराल तर आई-बाबांना वर न्यायलाच हवं असं नाही. संध्याकाळी खाली तळ्याकाठी कारंजी बघा, ती फुकट आहेत. उंचावरून शहर बघायचंच असेल तर झबील पार्कातली १५० मीटरची दुबई फ्रेम पुरे. एका बाजूला जुनं शहर दिसतं, दुसऱ्या बाजूला नवं.

वाळवंटाच्या सफरीबद्दल मात्र ठामपणे सांगते: ज्यांना मणक्याचा, मानेचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांना वाळूच्या टेकड्यांवरून गाडी उडवण्याच्या प्रकारात बसवू नका. गाडी आडवी-तिडवी होते, कंबरेला दणके बसतात. आरक्षण करतानाच विचारा की आम्हाला टेकड्यांचा भाग वगळून थेट तंबूपाशी सोडाल का. बरेच जण सोडतात. संध्याकाळचं वाळवंट तेवढ्यानेही दिसतं.

अबू धाबीला एक पूर्ण दिवस काढा, शक्यतो गाडी ठरवून. अंतर १४० किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत अबू मुरैखाचं हिंदू मंदिर लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. राजस्थानच्या गुलाबी दगडातली सात शिखरं सात अमिरातींची आहेत. ते आधी, आणि दुपारनंतर शेख झायेद मशीद. दोन्हीकडे प्रवेश विनामूल्य आहे, पण ऑनलाइन नोंदणी आधी करून ठेवा. मशिदीत बायकांनी डोकं, हात आणि पाय झाकलेले हवेत. आईंची साडी असली तरी पोट-दंड झाकतील अशी मोठी ओढणी बरोबर ठेवा. शाल तर रोजच लागेल, मॉल आणि मेट्रोतला एसी वयस्कर माणसांना सोसत नाही.

अनोळखी लोकांचे, विशेषतः अरब बायकांचे फोटो न विचारता काढू नका. तो इथे गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात पण कॉल लागत नाहीत. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून ते काळजीत पडतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा लागतो. पोलिसांचा क्रमांक ९९९, रुग्णवाहिकेचा ९९८.

सोन्याचं शेवटी. देऱ्याच्या बाजारात सोन्याचा भाव त्या दिवशी सगळीकडे सारखाच असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर, आणि तिथे संकोच करू नका. दागिने ड्युटीशिवाय आणायची भारतातली सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, पाच दिवसांच्या पर्यटकाला ती लागू नाही. तेव्हा ड्युटी धरून हिशेब करा आणि परतल्यावर सोनं जाहीर करा. इथल्या खरेदीवर ५ टक्के व्हॅट असतो. एका बिलाची रक्कम २५० दिरहमच्या पुढे गेली तर तो परत मिळू शकतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून तशी नोंद करून घ्यावी लागते. विमानतळावर बॅगा चेक-इन करण्याआधी परताव्याच्या काउंटरवर जा, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर लवकर निघा.