आई गेली. माझ्या लहान मुलांना त्यांची आजी आठवत राहावी म्हणून काय करू?

आईला जाऊन चार महिने झाले, मुलगी आठ वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा, आणि त्याच्या मनातून आजी पुसली जाईल या भीतीनं झोप लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझी आई गेली तेव्हा माझी मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा दोन वर्षांचा. आज तो अकरा वर्षांचा आहे. या वाटेवर तुमच्या नऊ वर्षं पुढं आहे, तेवढ्याच अधिकारानं लिहिते.

आधी अवघड गोष्ट सांगते. तुमच्या मुलाला आजी स्वतःहून आठवणार नाही. मोठेपणी बहुतेकांची सगळ्यात जुनी आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. त्याआधीचं हाती लागत नाही, मग ते कितीही मायेचं असो. हे कळलं त्या रात्री मी खूप रडले. पण त्यानंतर एक गोष्ट थांबली. मी माझ्या मुलासमोर आजीचा फोटो धरून "ही कोण? सांग ना, ही कोण?" असं विचारत राहायचे, आणि तो बिचारा माझ्या चेहऱ्याकडं बघून उत्तर शोधायचा.

आठवण टिकते ती सांगण्यानं. होऊन गेलेल्या प्रसंगांबद्दल जे आईवडील मुलांशी तपशिलात बोलतात, त्यांच्या मुलांना पुढं जास्त आणि बारकाईनं आठवतं, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसलंय. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांना त्यांच्या घराबद्दल २० प्रश्न विचारले. आजीआजोबा कुठं वाढले, आईवडील कसे भेटले, असे. घरच्या गोष्टी जास्त माहीत असलेल्या मुलांना स्वतःबद्दल जास्त विश्वास वाटत होता. गोष्टींमुळंच तसं होतं, की गोष्टी सांगणारी घरंच तशी असतात, हे वेगळं काढणं कठीण आहे. मला मात्र सांगायला बसायचं बळ त्यातूनच मिळालं.

पण सांगायची कुठली आजी? सुरुवातीला मी म्हणायचे, आजी फार प्रेमळ होती, सगळ्यांसाठी झिजली. एके दिवशी मुलीनं विचारलं, "हो, पण ती काय करायची?" त्या प्रश्नानं मी जागी झाले. "प्रेमळ" म्हटल्यावर कुणाचाही चेहरा डोळ्यांपुढं येतो, म्हणजे कुणाचाच येत नाही. माझी आई कपाळावर ताप बघायची तो हाताच्या उलट्या बाजूनं. पत्र वाचायच्या आधी चष्मा पुसायची, मग तो स्वच्छ असला तरी. फोन ठेवताना "बरं, ठेवते" असं म्हणून पुढं दहा मिनिटं बोलायची. हे लिहून ठेवा, आत्ता, वहीत, सुचेल तसं. चार महिन्यांत यातलं थोडं निसटलंही असेल.

आणि दोन्ही बायका लिहा. माझी आई आणि माझ्या मुलांची आजी या खरंच दोन वेगळ्या बायका होत्या. माझं अक्षर वाईट आलं तर आई वहीचं पान फाडून पुन्हा लिहायला लावायची. माझ्या मुलीनं भिंतीवर रेघोट्या मारल्या तेव्हा तीच आई मुलीच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. मी म्हटलं, "आई, मला तर तू कधी असं पाठीशी घातलं नाहीस." ती म्हणाली, "तेव्हा मला वेळ नव्हता गं." त्या एका वाक्यात मला माझं सगळं लहानपण नव्यानं दिसलं. नोकरी, दोन मुलं, घर, आणि तिचं वय तेव्हा आजच्या माझ्या वयापेक्षाही कमी. मुलांना मी दोन्ही सांगते, पान फाडलेलंही. नुसती गोड आजी सांगितली असती तर ती त्यांना खरी वाटली नसती, आणि माझ्या आईवरही तो अन्यायच झाला असता.

तिसरी बाई आपल्याला माहीतच नसते, ती आपल्या जन्माआधीची. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस वर्षं वयातलं सगळ्यात ठळक आठवतं. म्हणून तुमच्या आईची भावंडं, मैत्रिणी असतील तर त्यांच्याकडं लवकर जा आणि त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. माझ्या आईच्या मैत्रिणीनं मला सांगितलं की आई अंधाराला घाबरायची, चांगली पंचविशीपर्यंत. मी थक्क झाले. लहानपणी दिवे गेले की जिन्यावरून पुढं तीच व्हायची, माझा हात घट्ट धरून. तो हात मला धीर द्यायला आहे, असं मी जन्मभर समजत होते.

एक काम मात्र आजच करा. त्यांचे फोनवरचे आवाजी संदेश आणि व्हिडिओ काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर बंद होतं, आणि बंद पडलेला नंबर पुढं दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. माणसाचा आवाज आपल्याच कानातून फार लवकर विरतो. छापील फोटोंच्या मागं कोण, कधी, कुठं ते मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेन उमटतं, शाई पसरते.

"आता पुढं बघ, किती दिवस आईचंच घेऊन बसणार?" असं कुणी म्हणेल. तो विचार जुना आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१७ मध्ये शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेणं, असं मांडलं होतं. १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी नेमकं उलट म्हटलं: गेलेल्या माणसाशी नातं चालू राहणं हे आजारपण नाही, बहुतेकांचं ते तसंच चालू राहतं. आईशी मी अजून बोलते. तुम्हीही बोला.

तुमच्या मुलीसाठी एक गोष्ट. मुलीच्या शरीरातली बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास ती साठ-सत्तर लाख असतात. म्हणजे ज्यांच्यातून तुमची दोन्ही मुलं पुढं जन्माला आली, ती बीजांडं तुम्ही तुमच्या आईच्या पोटात होता तेव्हाच तुमच्यात होती. ही माहिती मी मुलीला सांगितली तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी थोडी आजीच्या पोटात पण होते."

आणि तुमच्या धाकट्याबद्दल. माझ्या मुलाला आजीचं खरंखुरं काहीही आठवत नाही. मागच्या महिन्यात मी पाहुण्यांना आईच्या पत्राची गोष्ट सांगत होते, आणि घाईत थेट पत्र उघडण्यावर आले. तो आतल्या खोलीतून ओरडला, "आई, थांब. आधी तिनं चष्मा पुसला."