ग्रीन कार्डवरची आई, माहेरचं बाळंतपण आणि बाळाचं ग्रीन कार्ड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघंही न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहात, बाळंतपण सांगलीला माहेरी करायचं ठरलंय. रजा संपली की तुम्ही एकटीने परत यायचं, बाळ सहा-आठ महिने आजीजवळ ठेवायचं आणि मग आणायचं, असा बेत आहे. बाळाला व्हिसा लागेल का, असं विचारलंय. नियमाने लागत नाही. पण हा बेत जसाच्या तसा पार पाडलात तर लागेल, आणि तो मिळेपर्यंत वर्षं जाऊ शकतात. म्हणून तिकिटं काढण्याआधी हे नीट वाचा.

आई ग्रीन कार्डधारक असेल आणि ती तात्पुरती परदेशी गेलेली असताना बाळ जन्मलं, तर त्या बाळाला इमिग्रंट व्हिसाशिवाय अमेरिकेत प्रवेश मिळतो. विमानतळावरच त्याची कायम रहिवासी म्हणून नोंद होते. त्यासाठी बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत पोचलं पाहिजे. सोबत ग्रीन कार्डधारक आई किंवा वडील हवेत. आणि जे सोबत असतील, त्यांची ती बाळाच्या जन्मानंतरची पहिलीच अमेरिकावापसी हवी. दोन वर्षांची अट सगळ्यांना पाठ असते, शेवटची अट फारसं कुणी सांगत नाही. ‘अजून दोन वर्षं आहेत की हातात’ म्हणत आई आधी कामावर रुजू होते आणि ती एकटी अमेरिकेत उतरली की तिच्या बाजूची सवलत तिथेच संपते.

बाळाचे बाबा बारशाला आले आणि एकटे परतले, तर त्यांची पहिली वापसी वापरली गेली, पण तुमची शिल्लक राहते. ते चालेल. उलट तुम्ही आधी परतलात आणि बाबा जन्मानंतर पहिल्यांदाच येऊन बाळाला घेऊन निघाले, तर नियमाच्या शब्दांत तेही बसतं. तरी माझं मत विचाराल तर त्यावर बेत उभा करू नका. ही सगळी सवलत आईच्या ग्रीन कार्डावर उभी आहे, आणि आई सोबत नसली की काउंटरवर प्रश्न वाढतात.

संधी हुकली तर आय-१३० (नातेवाईकासाठीचा ग्रीन कार्डचा) अर्ज भरायचा आणि एफ-टू-ए, म्हणजे ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदार व मुलांच्या, वर्गाच्या रांगेत थांबायचं. मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर आणू म्हणाल, तर आईवडील दोघंही तिकडे स्थायिक असलेल्या बाळाला तो मिळण्याची आशा धरू नका. (इतर वाचकांसाठी: आईकडे ग्रीन कार्ड नसेल, फक्त वडिलांकडे असेल, तर ही सवलत नाही. आई एच-वन-बी (नोकरीच्या) किंवा एच-फोर (नोकरीवाल्याच्या कुटुंबाच्या) व्हिसावर असेल तर बाळासाठी एच-फोर घ्यावा लागतो, तो वेगळा विषय.)

आता कागदपत्रं. जन्मदाखल्यावर आईचं नाव ग्रीन कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, यायला हवं. आपल्याकडे हे हमखास बिघडतं. कार्डावर माहेरचं नाव असतं आणि प्रसूतिगृहात घरातलं कुणीतरी सासरचं नाव सांगून मोकळं होतं. नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती प्रसूतिगृहातूनच जाते, म्हणून भरती होतानाच पासपोर्टची झेरॉक्स देऊन ठेवा. एकदा दाखला निघाला की दुरुस्तीसाठी महापालिकेत खेटे घालावे लागतात, आणि अंगावर पितं मूल असताना ते कुणाच्याही नशिबी येऊ नये. बाळाचं नाव मागाहून घालता येतं, पण बारशाची वाट पाहत पासपोर्ट अडवून ठेवू नका. भारतीय पासपोर्टासाठी आता जन्मदाखलाच लागतो, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा दुसरा पुरावा चालत नाही.

तुमचा मुक्काम ‘तात्पुरता’ होता हेही दिसलं पाहिजे. सहा महिन्यांच्या आत परतलात तर सहसा अडचण येत नाही. वर्षाहून जास्त राहण्याची शक्यता असेल तर निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच, री-एंट्री परमिटचा (परत प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज करा. भारतातून तो करता येत नाही. रजेचं पत्र, घराचा भाडेकरार, टॅक्स रिटर्न यांच्या प्रती जवळ ठेवा.

खरी कसोटी अमेरिकेत नाही, मुंबईच्या चेक-इन काउंटरवर लागते. बाळाच्या पासपोर्टात व्हिसा नाही म्हटल्यावर समोरचा कर्मचारी गोंधळतो, आणि त्यात त्याचाही दोष नाही, कारण असं बाळ त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. तिकीट काढतानाच एअरलाइनला लेखी कळवा, उत्तर छापून घ्या. अमेरिकी सरकारच्या नियमावलीतल्या (सी-एफ-आर) २२ सी-एफ-आर ४२.१ आणि ८ सी-एफ-आर २११.१ या दोन नियमांच्या प्रती सोबत ठेवा, आणि अडलंच तर शांतपणे ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा. शक्यतो थेट विमान घ्या. लंडनमार्गे गेलात तर ट्रान्झिट व्हिसाची सूट तुम्हाला कार्डामुळे मिळते, बाळाकडे कार्ड नसतं. बाबा सोबत नसतील तर त्यांचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

उतरल्यावर तुम्हाला आतल्या खोलीत बसवतील, वेळ लागेल, दूध-डायपर हाताशी ठेवा. अधिकारी आय-१८१ हा कायम रहिवासी म्हणून नोंद करायचा फॉर्म भरतो. बाळाच्या पासपोर्टावरच्या शिक्क्यात वर्ग ‘एन-ए-३’ (अशा बाळांसाठीचा संकेत) लिहिलाय का, आणि कार्ड पाठवायचा पत्ता बरोबर आहे का, हे जागेवरच पाहून घ्या. कार्ड टपालाने येतं. पुढे बाळ अठराच्या आत असताना, तुमच्याजवळ अमेरिकेत राहत असताना तुमच्यापैकी एकजण जरी नागरिक झाला, तर तेही आपोआप नागरिक होतं.

राहिली तुमची नोकरी. रजा संपते म्हणून तुम्ही बाळ आजीकडे ठेवायला निघालात, त्यापेक्षा आजीलाच व्हिजिटर व्हिसावर सोबत आणा. साधारण सहा महिने राहता येतं आणि तोवर डे-केअरची सोय बघता येते. मुंबईला मुलाखतीची तारीख मिळायला बराच वेळ जातो, त्यामुळे आजीचा डी-एस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) तुम्ही भारतात पोचायची वाट न बघता याच आठवड्यात भरा.