कान पुढे गेला, बोटं मागे राहिली

"या वयात पुन्हा सुरू करून पूर्वीसारखं थोडंच येणार आहे?" चाळिशी-पन्नाशीतली माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसून हे नेहमी विचारतात. कुणाचं कथक सुटलेलं असतं, कुणाची पेटी. इथे ज्या ताईंबद्दल लिहिते आहे त्यांचा पियानो सुटला होता. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई मूळच्या वसईच्या. वय एकोणपन्नास, बँकेत नोकरी. लहानपणी घरात जुना उभा पियानो होता. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या फुगून अडकायच्या, म्हणून वडील आतल्या बाजूला छोटा बल्ब लावून ठेवायचे. लंडनच्या असोसिएटेड बोर्ड या संगीत परीक्षा मंडळाच्या पाचव्या ग्रेडपर्यंत त्या पोचल्या. त्या बोर्डात सहाव्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिला पर्याय असलेली परीक्षा पास व्हावी लागते. नेमकी तेव्हाच दहावी आली. "एवढं वर्ष जाऊ दे, मग बघू," असं घरात ठरलं. ते 'मग' कधी आलंच नाही. पुढे घर पाडून इमारत झाली आणि पियानो विकला गेला.

भाचीच्या लग्नात चर्चमध्ये एक तरुण मुलगा वाजवत होता. ताई सांगत होत्या, "मॅडम, माझी बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली." महिन्याभरात त्यांनी डिजिटल पियानो घेतला, पूर्ण ८८ पट्ट्यांचा, दाबताना खऱ्या पियानोसारखं वजन जाणवणारा. "लेकीची इंजिनिअरिंगची फी भरायची असताना मी ही हौस करू?" ही टोचणी होतीच. त्यात मिस्टर सहज बोलून गेले, "घे की, पण वाजवशील ना?" हे वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं.

माझ्याकडे आल्या तेव्हा पियानोवर चादर होती. बसलं की दहा मिनिटांत रडू यायचं. मी आधी झोप, भूक, कामातलं लक्ष, इतर गोष्टींतली गोडी यांची नीट चौकशी केली. ते सगळं ठीक होतं. रडू फक्त पियानोपाशी येत होतं, म्हणून मग मी विचारलं, "नेमकं कुठे अडतं, ते मला दाखवाल?"

त्यांनी फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवलं. जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखची बायको अ‍ॅना मॅग्डालेना हिच्या १७२५ च्या वहीतला जी मेजरमधला मिन्युएट, म्हणजे जुन्या युरोपी नाचाच्या चालीची छोटी रचना. पियानो शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या हातून तो जातो. पूर्वी तो बाखच्या नावावर होता, आता तो ख्रिस्तियान पेटझोल्ड या त्याच काळातल्या संगीतकाराचा असल्याचं मानतात. जी ला सा धरलं तर सुरुवात अशी: प, सारेगम, प, सा सा. तीन मात्रांचा साधा ठेका. उजवा हात बऱ्यापैकी जात होता. डावा आला की सगळं थबकत होतं. त्या थांबण्यावर ताईंनी डोळे मिटून घेतले. "सोळाव्या वर्षी मी हे झोपेत वाजवायचे."

माझं म्हणणं मी त्यांना तिथेच सांगितलं. सोळाव्या वर्षी त्या हे जसं वाजवायच्या तसं आज ऐकवलं, तर त्यातही त्यांना चुका दिसतील. मधल्या तेहतीस वर्षांत बोटं थांबली, कान थांबला नाही. चर्चमधला ऑर्गन, रेडिओ, लेकीच्या फोनवरचं संगीत, मोठमोठ्या वादकांची रेकॉर्डिंग्ज, हे सगळं ऐकून कानाची जाण वाढत गेली. आज कान जे मागतो ते बोटांना देता येत नाही, आणि मधलं अंतर दुखतं. पुन्हा वाद्याकडे वळलेल्या मोठ्या माणसांना हे दुखणं नवशिक्या मुलापेक्षा जास्त होतं, कारण मुलाला आपलं चुकलेलं बरेचदा तितकं ऐकू येत नाही. ताई त्याला वयाचा दोष समजत होत्या. मला तो चांगल्या कानाचा पुरावा वाटतो.

आणि शिकलेलं सहसा पूर्ण पुसलं जात नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, विसरू द्यायचा, पुन्हा पाठ करायचा. पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी यादीही दुसऱ्यांदा कमी वेळात पाठ व्हायची. बोटांच्या कामात आणखी एक मदत मिळते: आज अडखळत केलेला क्रम रात्रीच्या झोपेनंतर बरेचदा अधिक सुरळीत येतो. म्हणून रविवारी तीन तास ठाण मांडून बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं मला जास्त मोलाची वाटतात.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. पहिले काही आठवडे फक्त डावा हात, तोही पहिल्या आठ मापांपुरता (इथे एक माप म्हणजे तीन मात्रांचा एक तुकडा), कान कंटाळेल इतक्या सावकाश. मग दोन्ही हात एकत्र, पण दोनच मापं. वाजवताना हेडफोन, म्हणजे घरच्यांसाठी वाजवायचं ओझं नाही. हात दुखला किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबायचं, आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवायचं. शिवाय मिस्टरांना एकदा स्पष्ट सांगायचं की "वाजवशील ना?" या प्रश्नाचं उत्तर रोज मागू नका. हे त्यांना सगळ्यात जड गेलं. बायकोची हौस घरात हिशेबाला लागते, नवऱ्याच्या क्रिकेटचा हिशेब कुणी मागत नाही, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

विकलेल्या पियानोबद्दलही बोलणं झालं. त्या दिवशी ताई कॉलेजात होत्या. घरी आल्या तर भिंतीवर फक्त चौकोनी डाग. त्याबद्दल त्या आजवर कुणाशी बोलल्या नव्हत्या. ते बोलून झालं आणि नंतरच्या आठवड्यात चादर निघाली.

आता डावा हात पहिल्या सोळा मापांत थांबत नाही. पुढच्या भागात थांबतो. आठवड्यातून एकदा त्या जवळच्या बाईंकडे शिकायला जातात. बाईंचा आग्रह आहे की राहिलेली थिअरी देऊन सहाव्या ग्रेडला बसावं. ताईंनी फॉर्म भरलेला नाही. "आत्ता नको, आधी हा मिन्युएट पुरा होऊ दे," असं त्यांनी बाईंना सांगितलं. मलाही घाई करण्याचं कारण दिसत नाही.