शिशाचा सेन्सर मायक्रोमोलरला अडकला तर
अरे, मीटर बदलायच्या आधी सॅम्पलमधलं शिसं मोजणाऱ्या इलेक्ट्रोडच्या (म्हणजे सेन्सरच्या) आतलं सोल्युशन बघ. लेड नायट्रेट तगडं भरलं असेल तर ते मेंब्रेनमधून (आतलं सोल्युशन आणि सॅम्पल यांच्यामधला पातळ पडदा) हळूहळू बाहेर झिरपतं, मग सॅम्पल कितीही पातळ कर, मायक्रोमोलरच्या (लिटरमागे मोलचा दहा लाखावा भाग) आसपास रीडिंग हलतच नाही. १९९७ मध्ये झुरिकचे रसायनशास्त्रज्ञ प्रेट्श यांच्या ग्रुपने आत ईडीटीए (शिसं पकडून ठेवणारं रसायन) घालून मोकळं शिसं अगदी कमी ठेवलं आणि डिटेक्शन लिमिट, म्हणजे ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण, थेट पिकोमोलरपर्यंत (मायक्रोमोलरचा दहा लाखावा भाग) आणली, खरंच कमाल काम आहे ते! पण आतलं मोकळं शिसं अति कमी करू नको हं, मग मेंब्रेन उलट सॅम्पलमधलंच शिसं ओढून घेतं आणि स्लोप (शिसं दहापट झालं की रीडिंग किती बदलतं ते) अपेक्षित २९.६ मिलिव्होल्टपेक्षा भलताच जास्त दिसतो. आणि बीकर प्लास्टिकचंच घे, काचेला शिसं चिकटतं. कंडिशनिंग, म्हणजे वापराआधी इलेक्ट्रोड भिजवणं, शिशाच्या तगड्या सोल्युशनमध्ये केलंस तर नंतर पातळमध्ये निवांत ठेव, घाई नको.