पहिलं व्यक्तिचित्र घेताय? जरा दमानं

दादा, लगेच पाकीट काढू नका. आधी कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात जाऊन राजघराण्यातली तैलचित्रं निवांत बघा. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान, पुढं बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). गावाला ही परंपराच आहे, त्यामुळं डोळा आपोआप तयार होतो.

सुरुवातीला फसगत होते ती छापील कॅनव्हासमुळं. मीही ‘जुनं तैलचित्र’ म्हणून एक फेटेवाला घरी आणला. खिडकीच्या तिरप्या उजेडात धरला, तर फेट्याच्या घड्या एकीकडं, ब्रशचे फटकारे भलतीकडं! छपाईवर नुसतं वार्निश फासलेलं. म्हणून:

- चित्र तिरप्या उजेडात बघा, मागची बाजूही.
- फोटोवरून काढून घेणार असाल तर एका बाजूनं उजेड पडलेला फोटो द्या. फ्लॅशचा नको, चेहरा सपाट येतो.
- आकार, मुदत, आगाऊ रक्कम कागदावर.

आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका.