लोकलची वाट बघताना ‘पुढच्याला ढकललं तर?’ असा विचार येतो, एक्सपोजर थेरपीने जाईल का?

विचार जात नाही हो, त्याची भीती जाते. असले विचार नॉर्मल लोकांनाही येतात, रॅकमन आणि डी सिल्व्हा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलंय. मला दादरला व्हायचं, मग मी हात खिशात कोंबून भिंतीला चिकटायचो नि घरी बायकोला दहादा विचारायचो, मी तसला नाही ना गं? खरी गोम तिथेच, ही खात्री करून घेणंच ओसीडीला, म्हणजे नको ते विचार नि त्यापायी पुन्हापुन्हा तेच करायला लावणाऱ्या आजाराला, खतपाणी घालतं. ईआरपीत, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण खात्री करून घ्यायची नाही अशा एक्सपोजर थेरपीत, आधी विचार नुसता लिहायचा, मग दुपारी रिकाम्या प्लॅटफॉर्मवर, मग गर्दीत, हात मोकळे सोडून, आणि कुणाला काही विचारायचं नाही. पहिले काही दिवस जाम घाम फुटतो. एकट्याने नको, शिकलेला थेरपिस्ट बघा, नाहीतर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला विचारा, फुकट आहे.