काळ्या मातीतील सदाफुली: झडीत का मरते आणि नवी रोपे कशी करावीत

उन्हाळाभर फुललेली सदाफुली श्रावणातील झडीत मान टाकते, ती कशी वाचवावी आणि नवी रोपे बियांपासून करावीत की फांदीपासून, असे आपण विचारले आहे. आपली जमीन काळी आणि उन्हाळ्यात भेगा पडणारी आहे, असेही लिहिले आहे. माझ्या मते दुखणे त्या मातीतच आहे.

पहिल्या वर्षी मीही अंगणातील काळ्या मातीतच बारा रोपे लावली होती. मे महिन्यातील 45 अंशांचे ऊन त्यांनी फुलतच काढले. पुढे आठवडाभर झड लागली आणि उघाड पडताच पाने लोंबलेली दिसली, म्हणून मी शहाणपणाने आणखी पाणी घातले. शेवटी एक रोप उपटले, तेव्हा मूळ तपकिरी पडलेले होते आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगेचे साल सुटावे तशी त्याची साल बोटांत निघून आली. हे झाड तहान सोसते, परंतु मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. म्हणून आता मी वीतभर उंच वाफा करतो आणि त्यात काळ्या मातीइतकाच चाळलेला मुरूम व थोडे कुजलेले शेणखत मिसळतो. खत जास्त झाले की पाने माजतात आणि फुले कमी येतात.

बियांसाठी झाडावरील जोडशेंगा पिवळसर होताच तोडून कागदावर वाळवाव्यात. एक दिवस उशीर झाला तरी त्या तडकतात आणि मोहरीहूनही बारीक, काळे बी मातीत सांडते. सदाफुलीचे बी अंधारात चांगले रुजते, त्यामुळे ते उघडे न ठेवता त्यावर पाव इंच माती भुरभुरावी. ऊब असल्यास आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोपाला सहा पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे झाड फुटवे धरते.

निरनिराळ्या रंगांची झाडे शेजारी असतील, तर बियांच्या रोपाला आईचाच रंग येईल याची खात्री नसते. लाल डोळ्याची पांढरी सदाफुली हवी असेल, तर तिची चार बोटे लांबीची, फूल नसलेली कोवळी-निबर फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळूत सावलीत लावावी. तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. तेवढ्या काळात ती उपटून पाहण्याचा मोह आवरणे, हेच यातील अवघड काम आहे. दोन-तीन वर्षांनी जुने झाड खोडाशी लाकडासारखे होऊन विरळ फुलते, तेव्हा त्याच्या जागी हेच रोप लावावे.

या झाडाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, कारण ते कडू आणि विषारी आहे. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे याच झाडापासून मिळाली, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिली जातात. आपल्याकडे शुगरसाठी रोज सकाळी याची पाने चावणारे लोक आहेत. तसे कृपया करू नये, आणि छाटलेल्या फांद्या गुरांच्या चाऱ्यात जाऊ देऊ नयेत.